शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा पेपर

"शनिवारी तुमची मुलगी शाळेत येते, पण आलेली नसते," वर्गशिक्षिका बाई मला म्हणाल्या.

मला आधी रागच आला. मी पोरीला स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत सोडते, ती आत जाईपर्यंत बघत उभी राहते, मग ती आलेली नसते म्हणजे काय? पण बाई टोमणा मारत नव्हत्या. त्यांनी पेपरांचे दोन गठ्ठे टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे सरकवले. एकात बुधवारच्या सराव चाचण्या, दुसऱ्यात शनिवारच्या. प्रत्येक चाचणी पंचवीस गुणांची, प्रश्न साधारण एकाच धर्तीचे. बुधवारी एकवीस, बावीस, एकवीस, तेवीस. शनिवारी तेरा, अकरा, चौदा, बारा. नाव तेच, अक्षर तेच. एवढी वर्षं शिकवतेय, म्हणाल्या, पण वार बघून हुशार होणारं पोर मी पाहिलं नव्हतं.

गणपती होऊन आठवडा झाला होता. मुलगी पाचवीत. शाळा शिष्यवृत्ती परीक्षेसाठी बारा मुलांचा वेगळा वर्ग काढणार होती, जादा तासांचा, आणि त्यात कोण बसणार ते शनिवारच्या चाचणीवर ठरणार होतं, कारण ती घड्याळ लावून, खऱ्या परीक्षेसारखी घेतात. दिवाळीच्या सुट्टीआधी पाच शनिवार उरले होते. पाचातल्या चार शनिवारी निदान अठरा गुण मिळाले तर हिचं नाव यादीत, नाहीतर नाही. बाईंनी हे मला दोनदा सांगितलं, मला ऐकू आलं नसावं असं समजून.

आता, शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून कुणाचं आयुष्य अडत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या मुलीला त्या वर्गात बसायचंच होतं. तिला आकृत्यांची कोडी आवडतात. आमच्या घराखालच्या कापड कारखान्यातल्या रिकाम्या रंगीत कांड्या, म्हणजे बाण्याचं सूत गुंडाळायच्या त्या लांबट नळ्या, ती वर आणायची, जमिनीवर ओळीनं मांडायची आणि आजीला विचारायची, "आता पुढची कुठल्या रंगाची?" आजी चुकली की हिला कोण आनंद. ज्या शनिवारी बारा गुण मिळाले त्या दुपारी तिनं त्या कांड्या पिशवीत भरल्या आणि खाली नेऊन टाकल्या. रडली नाही. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

आमचं घर भिवंडीत नारपोलीला, कारखान्याच्या वर. खाली आठ लूम म्हणजे यंत्रमाग, वर आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. माझं माहेर जवळच्याच वळ गावातलं. तिथं माझ्या लहानपणी रात्री बेडकांचा आवाज यायचा, आता गोदामांतून निघालेल्या ट्रेलरचा येतो. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं की आपला पलंग चालतोय. मग सवय झाली. बारावी सायन्स करून मी या घरात आले. पुढं शिकायचं राहिलं ते राहिलंच, पण प्रयोगवहीतलं 'उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण' मात्र डोक्यातून गेलं नाही. घरात दही लागलं नाही तरी मी कारण शोधत बसते. नवरा म्हणतो, हिला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं.

तर मी शनिवारच्या मागे लागले.

पहिला संशय सकाळच्या शाळेवर. इतर दिवशी हिची शाळा दुपारची, शनिवारी सकाळची. म्हटलं, झोप अर्धवट होत असेल. पण बाकीच्या मुलांनाही शनिवारी सकाळीच उठावं लागतं आणि त्यांचे गुण काही असे कोसळत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. सासूबाईंचा संशय वेगळा होता. "बुधवारी हुशार हाय न् शनवारी न्हाय?" त्या म्हणाल्या, "म्हंजे नजर हाय गो कुनाची तरी." त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी अडवलं नाही. मोहऱ्या तडतडल्या, सासूबाईंचं समाधान झालं आणि वास दिवसभर घरात राहिला.

धागा सापडला तो खालच्या चाचांकडून. हे आमचे सगळ्यात जुने कारागीर, उत्तर प्रदेशातले, माझ्या लग्नाआधीपासून आमच्या लूमवर आहेत. ते गावाहून परतले होते. मी सहज विचारलं, गावी आराम झाला का. तर म्हणाले, "कहाँ का आराम, भाभी? गाँव में नींद ही नहीं आती. आवाज नहीं है ना."

मी जिन्यातच थांबले. आवाज! भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. आठवड्याचे सहा दिवस आमच्या पायांखाली खटाखट चालू असते, आणि शुक्रवारी सकाळपासून शनिवारी सकाळपर्यंत सगळं गप्प. माझी मुलगी त्या आवाजात जन्मली. तिचा पाळणाच त्या आवाजात हलला. शुक्रवारी रात्री आवाज नाही, म्हणून झोप नाही, म्हणून शनिवारी डोकं नाही. इतकं सरळ होतं ते! मला एवढा आनंद झाला की मी भाजी करपवली.

गुरुवारी दुपारी मी जिन्याच्या मधल्या पायरीवर अर्धा तास मोबाईल धरून उभी राहिले आणि आठही लूमचा आवाज रेकॉर्ड केला. येणारे-जाणारे कारागीर माझ्याकडे बघत होते. एकानं विचारलंही, "भाभी, नेटवर्क नहीं मिल रहा क्या?"

प्रयोग म्हटला की बाकी सगळं जसंच्या तसं हवं, बदल एकाच गोष्टीत, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणून त्या शुक्रवारी मी घराला तंबीच दिली. सगळं इतर दिवसांसारखं करायचं. इतर दिवशी आमच्याकडे जेवण आठला असतं, आणि ते एक मिनिटही इकडचं तिकडं होत नाही. कारण आठला खाली शिफ्ट बदलते. दिवसाचे कारागीर लूम थांबवतात, झाडझूड होते, तेल घातलं जातं, रात्रीचे येतात, आणि सव्वाआठला लूम पुन्हा सुरू. ती पंधरा मिनिटं खाली शांतता असते. नवरा तेवढ्यात वर येऊन जेवतो आणि सुरू करून द्यायला पुन्हा खाली जातो. नंतर दप्तर भरायचं, पेन्सिलींना टोक काढायचं आणि साडेनऊला मुलगी अंथरुणात, कारण नवऱ्याला पहाटे पाचला उठून खाली जायचं असतं आणि तो झोपला की घर झोपतं.

त्या शुक्रवारी मी हे सगळं जसंच्या तसं करवलं. आठला ताटं, साडेआठला दप्तर, साडेनऊला अंथरूण. मी स्वतः जेवायला बसले नाही, वही घेऊन वेळा लिहीत होते. मग पोरीच्या उशाशी मोबाईल ठेवला आणि आवाज लावला. ती हसली आणि कूस वळली. पाच मिनिटांत बाहेरच्या खोलीतून नवरा ताडकन उठला. "तीन नंबरचा धोटा नीट बसत नाय," असं म्हणत त्यानं चपला घातल्या, किल्ली घेतली आणि खाली गेला. मला हसू आवरेना. खाली कुलूप, अंधार, आठही लूम थंड. वर येऊन त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड पांघरुणात घातलं. पण शनिवारी सकाळी लूम सुरू झाल्यावर तीन नंबरचा धोटा, बाण्याचा धागा इकडून तिकडं नेणारा तो लाकडी तुकडा, खरंच अडकत होता. त्या माणसाचा कान सोन्याचा आहे, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

आणि मुलीला वीस गुण मिळाले!

मी बाईंना फोन करून अख्खं शास्त्र समजावून सांगितलं. माहेरी फोन केला. चाचांना पेढा दिला. माझ्या मैत्रिणीला सांगितलं की तुझ्या मुलालाही आवाज हवा असेल तर पाठवते. बारावीनंतर पहिल्यांदा मला काहीतरी सिद्ध केल्यासारखं वाटत होतं, आणि तो रुबाब मी आठवडाभर मिरवला.

पुढच्या शुक्रवारी नणंद तिच्या मुलांना घेऊन आली. संध्याकाळी मी सोडून सगळे बाहेर पडले, वडापाव झाला, मग कुणीतरी चायनीजच्या गाडीचं नाव काढलं. घरी येऊन टीव्ही. नेहमीचाच शुक्रवार. मला काही काळजी नव्हती, माझ्याकडे रेकॉर्डिंग होतं. पाहुणे गेल्यावर सव्वादहाला पोरगी सोफ्यावरच आडवी झाली होती, तिला उचलून आत नेली, उशाशी आवाज लावला. ती लगेच झोपली. शांत, गाढ.

शनिवारी बारा गुण.

पाचातला एक शनिवार जमला होता, एक गेला होता. म्हणजे उरलेले तिन्ही जमायला हवे होते. मुलगी पेपर माझ्या हातात देऊन आत निघून गेली आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. माझं शास्त्र खोटं ठरलं याचा राग, आणि त्या खोट्या शास्त्रावर विसंबून मी तिचा एक शनिवार घालवला याची बोच. दोन्ही एकदम.

दुपारी मी वही काढली. पहिल्या शुक्रवारचं पान वेळांनी भरलेलं. दुसऱ्या शुक्रवारच्या पानावर एकच ओळ: सव्वादहा, आवाज लावला. दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि मला स्वतःचीच शरम वाटली. बारावीच्या मुलालाही कळेल अशी चूक. पहिल्या शुक्रवारी मी दोन गोष्टी बदलल्या होत्या, आवाज आणि बाकी सगळं घर, आणि श्रेय दिलं एकट्या आवाजाला.

एवढं सगळं केलं, पण जिला विचारायला हवं होतं तिलाच विचारलं नव्हतं. बाईंना विचारलं, चाचांना विचारलं, सासूबाईंचं ऐकलं. मुलगी गॅलरीत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "शनिवारी तुला काय होतं गं?"

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"मग आवाज कशाला लावत होतीस?"

मग तिनं मला अगदी सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. शनिवारी सकाळी पोट जड असतं, काही खावंसं वाटत नाही आणि मग पेपर निम्मा झाला की भूक लागते. दप्तर सकाळी घाईत भरते, त्यामुळे पट्टी नाहीतर खोडरबर राहतं. डोळे चुरचुरतात. हे सगळं मी वहीवरून ओळखलंच होतं. पण शेवटी ती म्हणाली, "आणि शुक्रवारी मी कुणाला काही सांगतच नाही. मग मला आठवत नाही."

"काय सांगत नाहीस?"

"शाळेत काय शिकवलं ते."

मला कळायला थोडा वेळ लागला. इतर दिवशी आठ वाजता लूम थांबले की आमच्या घरात दिवसातली पहिली साधी, खालच्या आवाजातली बोलणी होतात. एरवी आम्ही ओरडून बोलतो किंवा हातवारे करतो. त्या पंधरा मिनिटांत मुलगी जेवता जेवता आजीला दिवसभराचं सगळं सांगते. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांना सगळंच नवं असतं. "मंग?" म्हणतात, "असं कसं व्हईल गो?" म्हणतात, आणि हिला ते पटवून द्यावं लागतं. अपूर्णांक पटवायला एकदा तिनं भाकरीचे आठ तुकडे केले होते. मी समोर तव्यापाशी उभी असते, मला वाटायचं बडबड चाललीय. उजळणी चाललीय हे मला कधी कळलं नाही. शुक्रवारी दिवसभर शांतता, हवं तेवढं बोलायला मोकळीक, आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही. टीव्ही बोलतो. मोबाईल बोलतात.

आमच्या घरात फार शिस्त आहे, असं मी नातेवाइकांत अभिमानानं सांगत आले होते. आमच्याकडे आठला जेवण, साडेनऊला झोप, असं. बायका माना डोलवायच्या. ती शिस्त आमची नव्हतीच. खालचे लूम थांबायचे म्हणून आम्ही जेवायचो, खाली जायचं म्हणून झोपायचो. लूम एक दिवस बंद पडले की आमच्याजवळ आमची अशी एकही सवय नव्हती. मला याचं नवल वाटत राहिलं. अजूनही वाटतं.

मग उपाय तर उघड होता. शुक्रवारीही आठला जेवण करायचं. रविवारी दुपारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग कर की शुक्रवारी पण आठला जेवण. त्यात एवढं काय?"

त्यात एवढं काय! माझा पारा चढला तो चढलाच. सहा दिवस मी पहाटे पाचपासून चहा, नाश्ता, डबे, दुपार, संध्याकाळ, आठच्या ठोक्याला तव्यावर भाकरी. शुक्रवारी लूमला सुट्टी, कारागिरांना सुट्टी, नवऱ्याला सुट्टी, म्हणून मीही कधीतरी न सांगता माझी सुट्टी घ्यायला लागले होते. शुक्रवारी मी भाकरी थापत नाही. पलंगावर लोळून मोबाईलवर मालिका बघते. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्यानं काय हवं ते खावं. तेवढा एकच दिवस कुणी मला हाक मारत नाही. आणि माझ्या पोरीच्या शनिवारच्या बारा गुणांत माझ्या त्या आरामाचा वाटा होता, हे मला वही उघडली तेव्हाच कळलं होतं. लाज वाटत होती. पण तो दिवस सोडायचा नव्हता. खरं सांगते, नव्हता सोडायचा.

"एवढं काही नसेल तर तुम्ही करा," मी म्हणाले.

"मी?"

"तुम्ही. शुक्रवारी तुमचे लूम बंदच असतात."

नवऱ्यानं मदतीसाठी आईकडे बघितलं. मलाही वाटलं, आता सासूबाई लेकाची बाजू घेणार, त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती. त्या सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लूम बंद हाय तुजं, हात कुठं बंद हाय?"

नवऱ्याच्या पहिल्या शुक्रवारी भात खाली लागला आणि वरण इतकं पातळ झालं की ताटात धावत होतं. दुसऱ्या शुक्रवारी सासूबाई स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या, गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहवत नाही, आणि परातीत तांदळाच्या भाकऱ्या थापायला लागल्या. नवरा त्या उचलून तव्यावर टाकायचा. निम्म्या तव्यावर जाईपर्यंत फाटायच्या. "धाग्याला जपतोस तसं जप की रं," त्या म्हणायच्या. ताटं मुलगी मांडायची. आठला टीव्ही बंद करायचं कामही तिनं स्वतःकडे घेतलं, आणि एकदा बातम्या बघणाऱ्या बापाच्या हातातून तिनं रिमोट काढून घेतला तेव्हा मी दाराआड हसून घेतलं. टीव्ही बंद झाला की घरात एकदम तीच आठची शांतता यायची. मग ती सुरू व्हायची. आजी म्हणायची, "मंग?"

माझं काय? मला तर सुट्टी होती. आणि ती मला घेता येत नव्हती. तिन्ही शुक्रवार मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सूचना देत होते. गॅस कमी करा. मीठ घातलं का? ते पातेलं नको, दुसरं घ्या. नवरा एकदा उलथनं घेऊन माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू मला कधी खाली येऊन सांगतेस का, की तीन नंबरचा धोटा चार नंबरला लाव?" तशी मी बाहेर गेले आणि दोन मिनिटांत परत दारात. ते तिघं जेवले की मी ओट्यापाशी उभ्यानं काहीतरी खाऊन घ्यायचे, रोजच्यासारखं.

त्या तीन शनिवारी सकाळी मी फाटकापाशी सोडल्यावर घरी जात नव्हते. शाळेसमोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. पहिल्या शनिवारी अठरा. बरोबर अठरा, एकही जास्त नाही. एक उत्तर तिनं आधी चुकीचं लिहून मग खोडलं होतं, आणि खोडायला खोडरबर दप्तरात होतं. दुसऱ्या शनिवारी एकवीस. तिसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी मला ताप आल्यासारखं वाटत होतं, पोरगी मात्र छान जेवली. एकोणीस मिळाले.

सोमवारी यादी लागली. बारा नावांत हिचं नाव नववं होतं. बाई मला म्हणाल्या, "आता शनिवारीही येते बरं का तुमची मुलगी." मी त्यांना नव्यानं काही शास्त्र समजावलं नाही, एकदा तोंड पोळलं होतं. नुसतं हसले. घरी आल्यावर मुलीनं पायरीवर बसून आजीला सगळी बारा नावं क्रमानं म्हणून दाखवली, आणि मी आत जाऊन जरा रडून घेतलं.

त्यानंतरचा शुक्रवार आला. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. चाचणी नाही, बाई नाहीत, पेपर नाही. संध्याकाळी नवरा सोफ्यावर बसून होता. सात वाजले, साडेसात वाजले. मग त्यानं जरा चाचपडतच विचारलं, "आता तर यादीत नाव आलं. आज काय करायचं?"

मला माहीत होतं तो काय विचारतोय. आणि मी काय उत्तर देणार ते मलाच कळत नव्हतं, कारण माझ्या तोंडात आलं होतं, राहू दे आज. मुलगी आमच्याकडे बघत होती.

"आज शुक्रवार आहे ना?" ती म्हणाली, जणू आम्ही वार विसरलो होतो.

नवरा उठला. सासूबाईंनी परात मागवली. मी सवयीनं दारात जाऊन उभी राहिले, तर त्या मला म्हणाल्या, "तू बस गो. जा, बस तिथं." मी बसले नाही. तशी मुलीनं येऊन माझा हात धरला, मला ओढत नेलं आणि चौथं ताट मांडलेलं दाखवलं. मग मी बसले. आठला टीव्ही बंद झाला. तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात आली, एका बाजूनं जरा करपलेली, वाफ निघत असलेली. मला ती तोडताच येईना, बोटं भाजत होती. रोज त्यांना अशीच वाढते मी, पण अशी गरम भाकरी खातात कशी, फुंकून की आमटीत बुडवून, ते मला क्षणभर सुचलं नाही. मी हसले. सगळे हसले.

मग बोलणं दुसरीकडं गेलं. वज्रेश्वरीला जाऊ, अकलोलीच्या कुंडात आजीचे गुडघे शेकू, असं नवरा म्हणत होता. सासूबाई म्हणत होत्या, पाणी लय गरम हाय तिथलं. मुलीचं लक्ष त्यात नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. कोड्यातली आकृती बघते तशी, डोकं जरा कलतं करून, बराच वेळ.

"आई," तिनं विचारलं, "तू एकाच बाजूनं का चावतेस?"

नवऱ्याचा हात थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी उजवीकडची दाढ दोन वर्षांपासून दुखत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणाला दिसायचाही प्रश्न नव्हता, कारण लग्न होऊन या घरात बारा वर्षं झाली होती आणि मला जेवताना कुणी बघितलंच नव्हतं.